आकाशातले गायरान

‘रेंज आहे का?’ आजच्या मराठी माणसाच्या तोंडी क्षेमकुशलाच्याही आधी येणारा हा प्रश्न आहे. शहरात तो घराच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर उद्भवतो. खेड्यात एका डोंगराच्या कुशीतून दुसऱ्या डोंगराच्या कुशीत गेल्यावर. शहरवासीयाची त्यामुळे फार तर गैरसोय होते. खेड्यातल्या माणसाचे मात्र रेशन अडते, पीकविम्याचा अर्ज अडतो, पोराची परीक्षा अडते. २०२० साली करोनाच्या साथीने शाळांची दारे बंद झाली, तेव्हा कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरच्या कितीतरी मुलांनी पुस्तके आणि मोबाइल घेऊन टेकडी गाठली. कोणी झाडाखाली बसले, कोणी भर पावसात खोपटे उभारून बसले. वर्तमानपत्रांनी ती दृश्ये छापली आणि वाचकांनी त्या मुलांच्या जिद्दीचे कौतुक केले. आम्ही काही वर्षे शाळामास्तरकी केलेली आहे. विद्यार्थ्याच्या जिद्दीचे कौतुक व्हावे, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु शाळेत पोचण्यासाठी मुलाला रोज नदी पोहून जावे लागत असेल, तर त्याच्या पोहण्याची तारीफ करून पूल बांधण्याच्या कर्तव्यातून कोणालाही मोकळे होता येत नाही.

आणि हा पूल बांधणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. ज्या वाय-फायच्या लहरींवर शहरातील घराघरात चित्रपट पाहिले जातात, त्याच लहरी नीट दिशा दिली असता दहा, वीस, प्रसंगी शेकडो किलोमीटर दूर जातात, हे जगात अनेक ठिकाणी सिद्ध झालेले आहे. त्यासाठी अवाढव्य मनोरा लागत नाही, लिलावात बोली लावावी लागत नाही, परवान्यासाठी दिल्लीचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. उणीव आहे ती या साधनाकडे गांभीर्याने पाहण्याची. आजच्या या स्तंभात आम्ही हाच विषय हाती घेत आहोत.

प्रथम या लहरींच्या मालकीविषयी. आमच्या वडिलांच्या पिढीला घरात रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि वर्षाचे शुल्क भरावे लागे. १९३३ च्या बिनतारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हा गुन्हा होता. आकाश सर्वांचे, पण त्यातील लहरी सरकारच्या, अशी ती व्यवस्था होती. तिला पहिले मोठे खिंडार १९८५ साली अमेरिकेत पडले. तेथील दळणवळण आयोगाने काही लहरपट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे केले. त्यांतील २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा तर टाकाऊच समजला जात असे, कारण स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्ट्या त्याच पट्ट्यात गोंगाट करीत. हा पट्टा म्हणजे कोणालाही नको असलेला खडकाळ माळ. परंतु जो माळ कोणाच्याच मालकीचा नसतो, त्यावरच गावाची गुरे चरतात. १९९७ साली या माळावर वाय-फायचे पहिले प्रमाण ठरले, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत जगाच्या पाठीवर असे शहर उरले नाही की जेथे ते पोचले नाही.

भारतात घराबाहेरच्या वापरासाठी हा पट्टा २००५ च्या जानेवारीत मोकळा झाला. २०१८ च्या ऑक्टोबरात ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील विस्तृत पट्टाही परवानामुक्त करण्यात आला. ज्या गावाला आपले गायरान ठाऊक आहे त्याला या निर्णयांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. गायरानावर सातबारा कोणाचा नसतो, चराईचा हक्क सर्वांचा असतो, आणि म्हणूनच तेथे मर्यादा पाळाव्या लागतात. आकाशातल्या या गायरानाची मर्यादा अशी की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अँटेनाचे तोंड असेल त्या दिशेला पडणारा एकूण प्रभाव ४ वॅटच्या वर जाता कामा नये. ४ वॅट म्हणजे शोभेच्या लहान दिव्याइतकी शक्ती. एवढ्याशा शक्तीवर डोंगर कसे ओलांडावयाचे?

येथे बहुतेकांचा पहिला तर्क चुकतो. रेंज कमी पडली की आवाज वाढवावा, जास्त ताकदीचे यंत्र आणावे, असे वाटते. परंतु मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते. आवाज वाढवून अंतर कापू पाहणारा लवकरच थकतो आणि शेजाऱ्यांचे कान मात्र फोडतो. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवायचा असेल, तर अनुभवी शिक्षक ओरडत नाही. तो योग्य जागी उभा राहतो, त्या मुलाकडे तोंड करतो आणि वर्गात शांतता असेल असे पाहतो. बिनतारी लहरींची विद्या याहून फार निराळी नाही.

तिचा पहिला नियम दृष्टीचा. दोन्ही टोके एकमेकांना दिसली पाहिजेत, आणि नुसती दिसून भागत नाही. लहरींची वाट दोरीसारखी बारीक नसते. ती विटीसारखी असते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर. १० किलोमीटरच्या टप्प्यात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचा हा फुगवटा मध्यावर सुमारे १७-१८ मीटर त्रिज्येचा होतो, आणि त्याचा निदान साठ टक्के भाग मोकळा असावा लागतो. म्हणजे समोरचे गाव दुर्बिणीतून स्वच्छ दिसत असूनही मधल्या आमराईचे शेंडे त्या फुगवट्यात शिरले तर जोडणी लंगडते. उन्हाळ्यात चालणारी जोडणी पावसाळ्यात का पडते, याचेही उत्तर येथेच मिळते. या पट्ट्यांतील लहरींना पावसाच्या धारा फारशा अडवीत नाहीत. त्यांना अडवितात ती नव्या पालवीने भरलेली, पाण्याने निथळणारी झाडे. आणि घात करते ते केबलच्या सांध्यात मुरलेले पाणी. म्हणून पहिला खर्च यंत्रावर करू नये, उंचीवर करावा.

दुसरा नियम दिशेचा. घरातील राउटर कंदिलासारखा चारी बाजूंना उजेड सांडतो. त्याच वातीमागे वाटीसारखा आरसा लावला की तो उजेड एका झोतात एकवटतो. अंतर्वक्र तबकडीची अँटेना हेच करते. ऐकणाऱ्या टोकाला तीच तबकडी, ऐकू कमी येणाऱ्या आजोबांनी कानामागे धरलेल्या पंजाप्रमाणे, विरळ झालेल्या लहरी गोळा करते. बोलणाऱ्याने ओरडायचे नाही आणि ऐकणाऱ्याने कान द्यायचा, असा हा व्यवहार आहे.

तिसरा नियम धीराचा, आणि तो सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. वाय-फायचे यंत्र प्रत्येक निरोपानंतर ‘पोचला’ अशी पोच मिळण्याची वाट पाहते. ही वाट पाहण्याची मुदत घर-कचेरीच्या अंतराला बेतलेली असते. हजेरी घेणाऱ्या मास्तरांनी नाव पुकारावे, मुलगा मैदानाच्या पलीकडे असावा, त्याने ‘हजर’ म्हणावे, पण तो शब्द येईपर्यंत मास्तरांनी गैरहजेरी मांडून टाकावी, तशातला हा प्रकार. लांबच्या जोडणीत यंत्र तोच निरोप पुन:पुन्हा पाठवीत राहते आणि वेग रसातळाला जातो. उपाय दोन: पोचेची मुदत अंतराच्या हिशेबाने वाढविणे, किंवा पुकाराच मोडून ‘आधी तू, मग मी’ अशा पाळ्या लावून देणे. हे दोन्ही उपाय यंत्रातील आज्ञावली बदलून करता येतात. नवे यंत्र लागत नाही.

या तीन नियमांच्या बळावर काय घडते याची साक्ष व्हेनेझुएला देतो. मेरिदा येथील एर्मान्नो पिएत्रोसेमोली या प्राध्यापकांनी २००६ साली आंडीज पर्वतातील पिको देल आगिला हे शिखर आणि मैदानातील एल बाउल ही जागा २७९ किलोमीटरच्या वाय-फायने जोडली. २००७ साली त्याच शिखरावरून त्यांनी ३८२ किलोमीटरचा पल्ला गाठला. मुंबईहून कोल्हापूर सडकेने जवळपास इतकेच दूर पडते. यंत्रे होती घरगुती राउटरच्या जातीची. तबकड्या होत्या उपग्रह-ग्रहणातून मोडीत निघालेल्या. चार हजार मीटरहून उंच शिखरामुळे पृथ्वीच्या गोलाईचा अडसर दूर झाला आणि पाळीच्या पद्धतीमुळे वेग टिकला.

परंतु विक्रम म्हणजे व्यवहार नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यांनी नेपाळकडे पाहावे. म्याग्दी जिल्ह्यातील नांगी हे महाबीर पुन यांचे गाव. पुन हेही मूळचे शाळामास्तर. २००२ साली, देशात माओवादी बंड चालू असता, त्यांनी परदेशी स्वयंसेवकांच्या मदतीने झाडांवर दूरचित्रवाणीच्या तबकड्या बांधून नांगी आणि शेजारचे रामचे ही गावे जोडली. पुढे डोंगरमाथ्यावर टप्पे उभारून पोखरा शहराशी संबंध जुळविला, आणि २००३ पर्यंत नांगी जगाशी जोडले गेले. या कामासाठी पुन यांना २००७ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्ररुग्णालयाने बर्कले विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने १५ किलोमीटरपर्यंतच्या वाय-फाय जोडण्या उभारून आसपासच्या गावांतील नेत्रकेंद्रे रुग्णालयाशी सांधली. खेड्यातील म्हातारी आपल्या गावाजवळच्या केंद्रात बसते आणि डॉक्टर रुग्णालयातून तिच्याशी समोरासमोर बोलतो. बसभाडे आणि बुडालेला रोज दोन्ही वाचतात.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत पालघर जिल्हा आहे. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील गावांत प्रथम दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पडलेल्या लहरी आणि पुढे परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरून २५ गावांपर्यंत इंटरनेट नेले. ‘ग्राममार्ग’ या नावाच्या त्यांच्या योजनेला २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. जगाने ज्या कामाची पाठ थोपटली ते आमच्या अंगणात झाले, आणि तरीही आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची पुनरावृत्ती होताना दिसत नाही. घोडे पेंड खाते ते कोठे?

आमच्या मते ते दोन ठिकाणी खाते. पहिले ठिकाण आडाचे आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? वाय-फाय हा पोहरा आहे. मोबाइलच्या पडद्यावर खुणेच्या सर्व रेघा भरलेल्या दिसाव्यात आणि एक पान उघडू नये, असा अनुभव अनेकांना आला असेल. त्या रेघा पोहरा धड असल्याचे सांगतात, आडातील पाण्याविषयी काही सांगत नाहीत. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०११ साली घेतला; पुढे त्याला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले; २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. हा आड खणण्याचा खर्च आहे आणि तो आवश्यकच आहे. परंतु ग्रामपंचायतीची कचेरी म्हणजे गाव नव्हे. कोकणात आणि घाटमाथ्यावर एका ग्रामपंचायतीत आठ-आठ, दहा-दहा वाड्या असतात आणि त्या वेगवेगळ्या डोंगरांच्या उतारांवर वसलेल्या असतात. कचेरीतल्या कपाटात तार येऊन थांबली आणि धनगरवाडा तीन किलोमीटर पलीकडे राहिला, तर कागदावर गाव जोडले गेले आणि माणूस होता तेथेच राहिला. हे अखेरचे तीन किलोमीटर तारेने जाणे महाग. लहरींनी जाणे स्वस्त. तार आणि लहर यांना एकमेकांच्या सवती समजण्याचे कारण नाही. त्या जावा आहेत. एकीने पाणी भरावे, दुसरीने वाढावे.

दुसरे ठिकाण देखभालीचे. थेनी आणि धरमशाला येथील जाळ्यांच्या अनुभवावर आधारलेला एक संशोधन-निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष प्रत्येक सरपंचाने वाचावा असा आहे. खेड्यांतील यंत्रे बंद पडण्यास मोठे कारण होते ती खराब वीज: कधी उसळणारी, कधी मेल्यासारखी. उसळलेली वीज यंत्राचे काळीज जाळते. मंदावलेली वीज त्याला धड झोपू देत नाही आणि धड जागूही देत नाही. अशा यंत्राला कित्येकदा फक्त एकदा बंद करून चालू करावे लागते, पण ते करणारा माणूस डोंगरमाथ्यावर नसतो. आमच्या नळपाणी योजनांचा इतिहास हाच आहे. बांधकामाला निधी असतो, उद्घाटनाला मंत्री असतो, आणि पंप जळाल्यावर कोणीही नसते.

येथे एक आक्षेप आम्ही गृहीत धरतो. मोबाइल कंपन्यांचे मनोरे उभे राहत आहेत, ५-जी आलेले आहे, उपग्रहावरून इंटरनेट मिळण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. मग ही तबकड्यांची उठाठेव कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. मनोरा गिऱ्हाइकांची संख्या पाहून उभा राहतो. बाजाराच्या हिशेबात जी गावे बसत नाहीत, अशा २४,६८० गावांसाठी केंद्र मंत्रिमंडळाला २०२२ च्या जुलैत ४-जीची स्वतंत्र योजना मंजूर करावी लागली, ही वस्तुस्थितीच पुरेशी बोलकी आहे. आणि गाव मोजले गेले तरी वाडी मोजली जातेच असे नाही. उपग्रहाचे म्हणाल, तर जेथे तार पोचणे दुरापास्त आहे तेथे तो आडाचे काम अवश्य करील. पण त्याचे पाणी दहा घरांत वाटण्यासाठी पोहरा लागेलच. शिवाय जे जाळे गावाने उभारले, त्याची किल्ली गावाच्या हाती राहते. कंपनीला तोटा झाला म्हणून ते एका सकाळी बंद होत नाही.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक डोंगरी तालुक्यात काचतंतू ज्या कचेरीत पोचला आहे, तेथून वाड्यांकडे जाणाऱ्या बिनतारी जोडण्यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. पाण्याच्या टाक्या, शाळांची छपरे आणि सरकारी इमारतींचे माथे या कामासाठी विनाभाडे खुले करावेत. उंची आधीच बांधलेली आहे, ती वापरण्याची अक्कल तेवढी हवी. देखभालीसाठी दरसालची रक्कम बांधकामापासून वेगळी ठेवावी, आणि तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गावोगावच्या मुलामुलींना तबकडी साधणे, केबलचे सांधे पाण्यापासून राखणे आणि विजेचे संरक्षण करणे ही कामे शिकवावीत. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने छोट्या दुकानदारालाही परवान्याशिवाय वाय-फायची सेवा देण्याची मुभा दिली आहे. कायद्याची वाट मोकळी आहे. चालणारे पाय हवेत.

शहरातील वाचकांनाही दोन शब्द सांगणे अगत्याचे वाटते. गायरानाचे नियम त्यांनाही लागू आहेत. एका इमारतीत वीस राउटर वीस बाजूंनी ओरडत असतात आणि प्रत्येक जण शेजाऱ्यावर मात करण्यासाठी आणखी दांडगे यंत्र आणतो. त्याऐवजी राउटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. सिमेंटच्या भिंतींपलीकडे न्यायचा असेल तर पुढच्या खोलीपर्यंत तार ओढून तेथे दुसरे यंत्र बसवावे. ऐकलेलेच पुन्हा बोलणारा स्वस्त रिपीटर एकाच वाहिनीवर दोन्ही कामे करतो आणि म्हणून वेग जवळपास अर्धा करून टाकतो. सोसायटीच्या सभेत रंगाऱ्याच्या बिलावर तासभर वाद होतो; त्यातली पाच मिनिटे काढून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील १, ६ आणि ११ या एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या कोणी कोणत्या घ्याव्यात एवढे ठरविले, तर सर्वांचाच लाभ होईल.

अखेरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. लहरींचा लिलाव करून सरकारच्या तिजोरीत हजारो कोटी रुपये पडतात, आणि म्हणून मोकळ्या पट्ट्यांकडे ‘वाया गेलेली जमीन’ म्हणून पाहण्याची वृत्ती वाढीस लागते. जमिनीवरच्या गायरानांचे काय झाले ते महाराष्ट्राला सांगावयास नको. आधी ती पडीक ठरली, मग त्यांवर कुंपणे पडली, आणि गावची गुरे रस्त्यावर आली. आकाशातले गायरान अजून शाबूत आहे. त्यावर लिलावाची नजर पडू नये, उलट त्याची हद्द वाढावी, हे पाहणे लोकप्रतिनिधींचे कर्तव्य आहे. मुंबईतील धनिकाच्या घरात आणि जव्हारच्या पाड्यावरील शाळेत एकाच हक्काने जे वापरता येते, असे या देशात फार थोडे उरले आहे. तो हक्क त्या शाळेच्या छपरापर्यंत पोचविण्यास एक उंच जागा, दोन तबकड्या आणि त्यांची काळजी घेणारा गावचा एक माणूस पुरतो. एवढेही आम्हाला जमणार नसेल, तर टेकडीवर अभ्यासाला बसलेल्या मुलांचे फोटो छापण्याचा अधिकार आम्हा वर्तमानपत्रांना नाही आणि त्यांचे कौतुक करण्याचा अधिकार राज्यकर्त्यांनाही नाही.